न गोठणारे रक्त

नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारीट फोडण्याचा मान आमच्या खालापूरच्या घरात दादांचा. गेल्या वर्षी त्यांनी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडले आणि खाली पडलेली फुटक्या पणतीची खापरी अंगठ्यात गेली. जखम ती केवढी! पण रक्त काही थांबेना. वहिनींनी हळद दाबली, ती भिजली. मी रुमाल गुंडाळला, तोही भिजला. ओटीवर बसलेल्या काकू म्हणाल्या, "अगोबाई, फुरसं चावल्यागत वाहतंय की!"

वाचकहो, शहरात राहणाऱ्यांना या वाक्यातला धसका कळायचा नाही. कर्जत-खालापूरकडे भातकापणी आली की फुरशाची आठवण येतेच. वीतभर लांबीचे हे जनावर चावले तर रक्तातला गोठण्याचा सारा ऐवजच खर्ची पडतो आणि हिरड्यांतूनसुद्धा रक्त येऊ लागते. सर्पदंशाचा रोगी आला की दवाखान्यात त्याचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवतात, मग नळी कलती करतात. रक्त वाहिले, तर विष भिनले म्हणून समजावे.

दादांचे रक्त पंधरा-वीस मिनिटे दाबून धरल्यावर थांबले. पण काकूंचे वाक्य त्यांच्या मनात रुतून बसले. सहा महिन्यांपूर्वी मुंबईला त्यांची बायपास झाली होती. तेव्हापासून रोज ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू. "मास्तर, या गोळ्यांनी माझ्या रक्ताचं पाणी केलं," ते मला म्हणाले. आणि मी, एम. ए. झालेला, रोज पन्नास मुलांपुढे तोंड चालवणारा माणूस, म्हणालो, "मग सणाचे दोन दिवस नाही घेतल्या तर काय बिघडतंय?"

भाऊबीजेला अडकित्ता शोधताना खणात गोळ्यांच्या पट्ट्या दिसल्या. तीन दिवसांच्या गोळ्या जशाच्या तशा. दादांना विचारले तर म्हणाले, "तूच सांगितलंस ना?"

डॉक्टरांना फोन केला. ते एवढेच बोलले, "आत्ताच्या आत्ता सुरू करा आणि उद्या त्यांना घेऊन या." ती रात्र मी दादांच्या खाटेशेजारी सतरंजीवर काढली. दादा घोरत होते. एरवी ज्या घोरण्याला मी कंटाळतो, ते घोरणे मध्येच थांबले की मी उठून बसत होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नीट समजावले. दादांच्या पायातली शीर काढून ती हृदयाला जोडलेली. फावालोरो नावाच्या अर्जेंटिनी शल्यविशारदाने 1967 साली अमेरिकेत ही रीत रूढ केली. पायातली नीला संथ प्रवाहाला सरावलेली; तिच्यातून एकदम रोहिणीच्या जोराने रक्त धावू लागते आणि तिचे अस्तर दुखावते. प्लेटलेट (डेंग्यूमुळे हा शब्द आता घरोघरी झाला आहे) बिचाऱ्या जखम दिसली की धावून चिकटायच्या. अंगठ्यावरची जखम कोणती आणि हृदयावरचा सांधा कोणता, हे त्यांना कुठून कळणार? सांध्यापाशी गुठळी झाली की नवी वाटही बंद.

ॲस्पिरिनची 75 मिलिग्रॅमची गोळी प्लेटलेटची ही चिकटण्याची खोड तिच्या हयातीपुरती मोडते. पण तिची हयात ती किती? आठ-दहा दिवस. शरीर रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट तयार करते. म्हणजे आमच्या तीन दिवसांत जवळजवळ एकतृतीयांश फौज ताजी, उतावळी होऊन रक्तात उतरली होती! दुसरी गोळी त्याच प्लेटलेटना वेगळ्या बाजूने आवरते. रक्त मात्र दोन्हींनी पातळ होत नाही; 'रक्त पातळ करणारी गोळी' हे नावच मुळात चुकीचे. शब्दार्थाची ही चूक निदान माझ्याकडून व्हायला नको होती.

रक्त थांबतच नसेल, शौचाला काळे होत असेल, दात काढायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचे. आपल्या अकलेने गोळी सोडायची नाही, असे त्यांनी दादांना बजावले. बजावताना पाहत होते माझ्याकडे.

निघता निघता मी फुरशाची गोष्ट काढली, तर डॉक्टर हसले. प्लेटलेटना एकमेकींना चिकटू न देणारे टिरोफिबान नावाचे इंजेक्शन हृदयविकारात शिरेतून देतात. फुरशाच्या विषातल्या एका द्रव्याचा नमुना पुढे ठेवूनच ते रसायन घडवले गेले. 1998 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

घरी येऊन मी हे मोठ्या उत्साहाने काकूंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "असेल बाबा," त्या म्हणाल्या, "पण बांधावर दिसलं तर मी काठीच आणीन."

यंदा तुळशीपुढचे अंगण आदल्या रात्री दोनदा झाडायचे, असे वहिनींनी ठरवले आहे. दादांनी चप्पल घालून कारीट फोडावे, असे माझे म्हणणे. चपलेने नरकासुर मरत नाही, असे त्यांचे. वाद अजून मिटलेला नाही.