विश्लेषण : गाडीची चकाकी परत येते, की रंगच झिजतो? ‘रबिंग-पॉलिश’ दरवर्षी करावे का?

दसरा-दिवाळी जवळ आली की गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’साठी गाड्यांची रांग लागते. सर्व्हिसिंगच्या बिलातही ‘पॉलिश’, ‘वॅक्स’, ‘कोटिंग’ यांपैकी एखादा शब्द हमखास असतो. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पॉलिश रंगाच्या वरचा थर थोडा काढून टाकते. वॅक्स त्या थरावर पातळ आवरण चढवते. एक वजाबाकी, दुसरी बेरीज. चकाकीच्या हौसेपायी वजाबाकी दरवर्षी करत राहिले, तर काही वर्षांत काढण्यासारखे काही उरत नाही.

गाडीच्या रंगाचे थर किती?

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर सर्वांत खाली गंजरोधक थर असतो. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा ‘बेस कोट’ आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ म्हणजे पारदर्शक थर. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. छपाईचा साधा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. गाडीची चकाकी याच थरात असते. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी रसायनेही याच थरात मिसळलेली असतात. हा थर संपला की रंग फिका पडतो, बॉनेट आणि टपावर पांढरट चट्टे येतात, पापुद्रे सुटू लागतात. त्यानंतर कोणतेही पॉलिश उपयोगी पडत नाही. तो भाग पुन्हा रंगवणे, हाच एक उपाय उरतो.

पॉलिश नेमके काय करते?

पृष्ठभाग सपाट असेल, तर प्रकाश त्यावरून सरळ परावर्तित होतो आणि गाडी आरशासारखी दिसते. बारीक चरे पडले की प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि तीच गाडी मळकट वाटते. उन्हात किंवा पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, ते हेच. पॉलिशमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिसूक्ष्म कठीण कण असतात. हे कण चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळाच्या पातळीला आणतात. चरा भरला जात नाही. त्याच्या भोवतालची जमीन खाली येते. रबिंग कंपाउंडमधील कण अधिक भरड असल्याने ते जास्त थर काढते. म्हणूनच नखाला अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशने घालवण्याचा हट्ट धरू नये. तो सपाट करायचा, तर क्लिअर कोट पार करावा लागेल.

काही स्वस्त पॉलिशमधील तेलकट घटक चरे तात्पुरते बुजवतात. गाडी ताब्यात घेताना झगमगते आणि चार वेळा धुतली की जुने ओरखडे पुन्हा वर येतात. मालक परत गॅरेजमध्ये जातो, पुन्हा रबिंग होते.

मग दरवर्षी पॉलिश करण्याची सवय आली कुठून?

ही सवय फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यातली आहे. तेव्हाच्या गाड्यांना पारदर्शक थर नसे. वरचा थर रंगाचाच असे. उन्हाने तो खडूसारखा भुकटी होई. घासून ती भुकटी काढली की खालचा ताजा रंग उघडा पडे आणि फडक्याला गाडीचा रंग लागे. तिथे रबिंग गरजेचे होते. १९८० च्या दशकापासून जगभर क्लिअर कोटची पद्धत रुळली आणि आता भारतातील बहुतेक गाड्यांवर तीच आहे. गाडी बदलली, रंगाचे तंत्र बदलले. सवय मात्र वडिलांकडून मुलाकडे तशीच आली.

समजा, एका रबिंगमध्ये ३ मायक्रॉन गेले. पाच दिवाळ्यांत १५ मायक्रॉन जातील, म्हणजे ४५ मायक्रॉनच्या थराचा एक तृतीयांश. त्यातही कडा, दरवाजाच्या उभ्या घड्या, बॉनेटवरच्या रेषा अशा उंचवट्यांवर मशीनचा दाब जास्त पडतो आणि थर तिथे आधी संपतो. ‘रंग जळला’ असे गॅरेजवाले म्हणतात, ते बहुधा अशाच जागी.

वॅक्सचा उपयोग किती?

वॅक्स काही घासत नाही. कार्नोबा हे त्यातले सर्वांत नावाजलेले मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून इतर नैसर्गिक मेणांपेक्षा टिकाऊ मानले जाते. तरीही विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर त्याचा टिकाव काही आठवड्यांचा, फार तर दोनेक महिन्यांचा. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त, काही महिने टिकतात. वॅक्समुळे पाणी थेंब होऊन ओघळते, धूळ लवकर सुटते, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक थेट क्लिअर कोटला भिडत नाहीत. मात्र वॅक्स चरे घालवत नाही आणि दगडाचा टवकाही अडवत नाही. त्याचे काम मर्यादित आहे, पण ते रंगाला काहीही इजा न करता होते.

सिरॅमिक आणि ‘टेफ्लॉन’ कोटिंगचे दावे किती खरे?

सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारित असते आणि क्लिअर कोटला घट्ट धरून वॅक्सपेक्षा बराच काळ टिकते. इथपर्यंतचा दावा योग्य आहे. पण ‘९एच कडकपणा’ ऐकून गाडीला ओरखडाच पडणार नाही, असे समजणे चूक. हे मोजमाप पेन्सिलच्या शिशाचे आहे, हिऱ्या-माणकांच्या कडकपणाचे नाही. हा थर जाडीला जेमतेम एक-दोन मायक्रॉनच असतो. किल्ली, फांदी किंवा वाळूने भरलेले फडके त्यालाही ओरबाडतेच. शिवाय कोटिंगच्या आधी गाडी पॉलिश केली जाते, म्हणजे पुन्हा क्लिअर कोट कमी होतो. नव्याकोऱ्या गाडीवर त्यासाठी जोरदार रबिंग होत असेल, तर तो उलटा सौदा आहे.

‘टेफ्लॉन’ या शब्दाचा दबदबा तव्यावरून आला. तव्यावर हा पदार्थ घट्ट बसवण्यासाठी ३०० अंशांहून अधिक तापमान लागते. गाडीच्या रंगाला ते सोसवणार नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये हाताने चोळलेल्या लेपाकडून तव्याच्या गुणांची अपेक्षा करू नये.

चरे मुळात पडतात कशाने?

बहुतेक चरे गाडी चालवताना नव्हे, पुसताना पडतात. शहरांतील सोसायट्यांमध्ये पहाटे एकच माणूस दहा-पंधरा गाड्या पुसतो. त्याच्याकडे एक बादली आणि एक फडके असते. पहिल्या गाडीची धूळ त्याच फडक्यातून दहाव्या गाडीवर जाते. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटहून कठीण असतात. म्हणजे दररोज सकाळी हलके रबिंग होते, तेही पैसे देऊन. त्यात बोअरचे क्षारयुक्त पाणी उन्हात वाळले की पांढरे डाग पडतात आणि वेळीच काढले नाहीत तर ते रंगात मुरतात.

यात दोष त्या माणसाचा नाही. महिन्याला काही शे रुपयांत रोज गाडी चकचकीत हवी आणि पाणीही कमी वापरायचे, या दोन अटींत त्याच्यापुढे दुसरा मार्गच उरत नाही. कोटिंगवर हजारो रुपये घालणारा मालक त्याला आपल्या गाडीसाठी स्वतंत्र दोन मायक्रोफायबर फडकी घेऊन देत नाही, खरी गफलत इथे आहे. रोज कोरडे-ओले पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा, आधी पाण्याने धूळ उतरवून, गाडीच्या शाम्पूने धुतली तर पाणीही फारसे जास्त लागत नाही आणि रंगही वाचतो. दोन बादल्या ठेवाव्यात : एक शाम्पूची, दुसरी फडके खळबळण्याची. भांड्यांचा साबण टाळावा, तो वॅक्सही धुऊन नेतो.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

पहिला प्रश्न : पॉलिशची गरज आहे का? गाडी धुऊन उन्हात पाहावी. गोल ओरखडे फारसे दिसत नसतील, तर नुसते वॅक्स पुरे. दुसरा प्रश्न : रंगाची जाडी मोजणार का? त्यासाठी छोटे यंत्र मिळते आणि पत्र्यावर ते लगेच आकडा दाखवते. साध्या यंत्राला प्लास्टिकच्या बंपरवर आकडा दाखवता येत नाही, तिथे जास्तच जपावे लागते. यंत्र एकूण जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही. तरी एखाद्या जागी आकडा इतरांपेक्षा बराच कमी आला, तर तिथे हात आवरावा. तिसरा प्रश्न : कंपाउंड वापरणार की बारीक पॉलिश? सौम्य पॉलिशने भागत असेल, तर भरडाकडे जाऊ नये. आधी एका कोपऱ्यात करून दाखवायला सांगावे.

घरी करायचे असेल, तर वॅक्सपुरतेच थांबणे शहाणपणाचे. गाडी सावलीत, पत्रा थंड आणि स्वच्छ असताना वॅक्स अगदी पातळ लावावे, वाळले की कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्यावे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा हे केले तरी बराच फरक पडतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर, जिथे खारा वारा आणि दमट हवा आहे, तिथे हे जरा अधिक वेळा करावे.

तर मग पॉलिश करूच नये का?

करावे, पण डॉक्टरच्या औषधासारखे : गरज असेल तेव्हा, गरज असेल तेवढे. तीन-चार वर्षांत एकदा, नीट हाताने झालेले पॉलिश गाडीला खरोखर नवे रूप देते. जुनी गाडी विकताना त्याचा मोबदलाही मिळू शकतो. मात्र सर्व्हिसिंगच्या पॅकेजमध्ये ‘फुकट’ आहे म्हणून दरवेळी होणारे रबिंग नाकारण्याचा हक्क मालकाला आहे आणि तो वापरायला हवा. पॅकेजमधील पॉलिश फुकट असते; त्यात घासला गेलेला क्लिअर कोट मात्र मालकाच्या खिशातून जातो आणि तो गॅरेजवाल्याला परत देता येत नाही.