बांबूचे कोंब कुजतायत, पण मोजणी फक्त रोपांचीच!

"बांबूला खत नको, पाणी नको, रोग तर नाहीच." लागवड वाढवायची म्हणून गेली काही वर्षं शेतकऱ्यांना हेच सांगितलं जातंय. खत-पाण्याचं एकवेळ सोडा, पण रोग नाही हे म्हणणं खरं नाही. बांबूला बुरशी लागते आणि ती बहुतेक वेळा पावसाळ्यात फुटणाऱ्या नव्या कोंबांना लागते.

२०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि बिगरवन जमिनीवरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून बाहेर आला. पुढे २०१८-१९ मध्ये राष्ट्रीय बांबू मिशनची फेररचना झाली. तोड-वाहतुकीची कटकट कमी झाल्यावर लागवडीला जोर आला. सिंधुदुर्गात माणगा बांबू पूर्वीपासूनच आहे. कुडाळ, सावंतवाडी, कणकवली भागात बांधावर, परसात त्याची बेटं दिसतात. आता तोच सलग लावला जातोय. सलग लागवडीत एका बेटाचा रोग शेजारच्या बेटात जायला वेळ लागत नाही.

नुकसान नेमकं कुठे?

बांबूची काठी एकाच हंगामात पूर्ण उंची गाठते, नंतर ती जाड होत नाही. त्यामुळे कुजलेला कोंब सावरत नाही. यंदा कोंब गेले, तर तीन-चार वर्षांनी तोडायच्या काठ्याच गेल्या. म्हणजे आज झालेलं नुकसान हिशेबात दिसतं ते तोडणीच्या वर्षी.

केरळमध्ये पीची इथल्या वन संशोधन संस्थेने या रोगांचा बराच अभ्यास केलाय. तिथे कोंब कुजण्यामागे फ्युजेरियम बुरशी आढळली. रस शोषणाऱ्या किडीने केलेल्या जखमांशीही तिचा संबंध दिसला. ओडिशाच्या किनारपट्टीवर आणि बांगलादेशात नव्या काठ्या शेंड्याकडून वाळत खाली येतात. त्या करप्यामागे सॅरोक्लेडियम बुरशी आहे. भातातली पर्णकोष कुज हीच बुरशी घडवते. भातखाचराच्या बांधावर बांबू असलेल्या कोकणाने हे ध्यानात ठेवायला हवं.

अर्थात मेलेला प्रत्येक कोंब रोगाचाच नसतो. निरोगी बेटातही काही कोंब आपोआप मरतात. पण बुडाला मऊ, तपकिरी, वास मारणारे कोंब वाढत चालले, तर दुर्लक्ष नको.

उपाय साधे, पण वेळेवर

बांगलादेशात सुचवलेले उपाय आपल्याकडेही करता येण्यासारखे आहेत. पावसाआधी रोगट काठ्या तोडून बाहेर काढायच्या, पालापाचोळा गोळा करून सुरक्षित जागी जाळायचा आणि बेटाच्या बुडाला नवी माती चढवायची. तिथे मातीत बुरशीनाशकाची आळवणीही सुचवली आहे. आपल्याकडे मात्र औषध व प्रमाण कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच ठरवावं.

आपल्याकडे हात पोचतो म्हणून बाहेरच्या कोवळ्या काठ्या तोडतात आणि जुन्या मध्ये अडकून राहतात. बेट दाटतं, वारा खेळत नाही, ओल साचते. घोड्याच्या नालेसारखी वाट काढून आतल्या जुन्या काठ्या काढल्या, तर निम्मं काम होतं.

योजनेत राहिलेली फट

फेररचनेनंतरच्या मिशनच्या आराखड्यात अनुदान तीन वर्षांत ५०:३०:२० अशा हप्त्यांत ठेवलं होतं. तोडणी सुरू होते चौथ्या-पाचव्या वर्षी. म्हणजे बेट दाटून कुज वाढायच्या वेळेला योजनेची तपासणी संपलेली असते. आंबा-काजूला हवामान आधारित विमा आहे, भात-नाचणीला पीक विमा आहे. बांबूवाल्याला असा आधार नाही.

रोपं किती वाटली हा आकडा प्रत्येक बैठकीत येतो. पाचव्या वर्षी किती बेटं निरोगी आहेत, याचीही तालुकावार नोंद हवी. जुलै-ऑगस्टमध्ये सहायक कृषी अधिकाऱ्याने बेटांची एक फेरी केली आणि रोगट कोंबांचे नमुने दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे पाठवले, तरी सुरुवात होईल. नाहीतर कोंब कुजत राहतील आणि कागदावर लागवड मात्र वाढत राहील.