बकऱ्याचे दिल आणि धाकटीचे प्रश्न



बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी उमरग्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी दिल-कलेजी साफ करीत बसले होते. सातवीतली धाकटी जवळ येऊन बसली. "अम्मी, दिल आतून कसं असतं?" मी सुरीने दिल उभे चिरून तिच्यापुढे ठेवले.

चार कप्पे दिसले. वरचे दोन लहान, खालचे दोन मोठे. खालच्या एका कप्प्याची भिंत चांगली जाड, दुसऱ्याची पातळ. पातळ भिंतीचा उजवा कप्पा शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त ढकलतो. जाड भिंतीच्या डाव्या कप्प्याला मात्र ते शिंगांपासून खुरांपर्यंत पोहोचवायचे असते. जेवढे काम, तेवढी ताकद.

तिने मधल्या पडद्याला काडी लावून पाहिली. काडी पलीकडे जाईना. हकीम जालिनूस यांनी सांगितले होते की या पडद्यात न दिसणारी छिद्रे आहेत आणि त्यांतून रक्त पलीकडे झिरपते. हजार वर्षांहून अधिक काळ लोकांनी ते खरे मानले. सन 1242 मध्ये इब्न अन-नफीस यांनी इब्न सीना यांच्या ग्रंथावरील भाष्यात ठामपणे लिहिले की पडद्यात छिद्रे नाहीत. रक्त उजवीकडून फुप्फुसात जाते आणि तिथून डावीकडे येते. पुढे 1628 मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी रक्ताचा साऱ्या शरीरातला फेरा मांडून दाखवला.

"सगळ्यांचं दिल असंच असतं?"

नाही. बाजारातल्या रोहू माशाच्या हृदयाला दोनच मुख्य कप्पे. रक्त तिथून कल्ल्यांत जाते आणि कल्ल्यांतून थेट शरीरात. बेडकाला तीन कप्पे. शुद्ध आणि अशुद्ध रक्त थोडे मिसळते, पण तो त्वचेतूनही श्वास घेतो, त्याचे भागते. कोंबडीला आपल्यासारखे चार. झुरळाच्या पाठीलगत 13 कप्प्यांची लांब नळी असते, पण बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे नसते. रक्त शरीराच्या पोकळीत मोकळे फिरते. त्याला रंगही नाही, कारण प्राणवायू नेण्याचे काम रक्ताकडे नाहीच. त्यासाठी हवेच्या वेगळ्या नळ्या आहेत.

"मग डास मारला की लाल डाग कसा पडतो?"

"ते त्याचं नव्हे, त्यानं प्यालेलं रक्त!"

ओढ्यातल्या खेकड्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते, म्हणून ते निळसर दिसते. गांडुळाचे रक्त आपल्यासारखे लाल, पण तो रंग पेशींत नसतो, द्रवातच विरघळलेला असतो. ज्याची जशी गरज, तशी अल्लाहने त्याला सोय दिली.

मग तिने विचारले, "बकऱ्याचं दिल आपल्यासारखं, रक्तही लाल. दादीच्या ऑपरेशनला बकऱ्याचं रक्त का नाही दिलं?"

माझा हात थांबला. मागच्या वर्षी दोन पिशव्यांसाठी रात्री दहापर्यंत आम्ही फोन करीत होतो. रक्त द्यायला मीही गेले होते. माझे हिमोग्लोबिन 10.8 भरले आणि मला परत पाठवले. सासूबाईंना शेवटी माझ्या दिराने आणि शेजारच्या एका भाऊंनी रक्त दिले.

मी तिला सांगितले की हा प्रयोग झालेला आहे. 1667 मध्ये पॅरिसमध्ये माणसांना कोकराचे रक्त दिले गेले. पुढे अशा उपचारात एक रुग्ण दगावला, प्रकरण कोर्टात गेले आणि हे उपचार बंद पडले. दुसऱ्या प्राण्याच्या रक्तपेशी आपले शरीर परक्या समजून नष्ट करते. माणसामाणसांतही रक्तगट जुळावा लागतो. 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असा गट शोधला, ज्याला 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. जगभर तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो.

माणसाला रक्त माणसाकडूनच मिळते. जीव वाचवण्यासाठी ते देणे-घेणे बहुतेक उलमांनी जायज ठरवले आहे. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 आणि तब्येत चांगली असेल तर रक्त देता येते. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, स्त्रियांना दर चार महिन्यांनी.

बहिणींनो, आपले हिमोग्लोबिन किती आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? सर्वांना जेवू घालून उरलेले खाणाऱ्या घरात ते बहुधा बाईचेच कमी निघते. 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. मुलींचेही तपासून घ्या. मी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सहा महिने घेतल्या. परवा तपासले, 12.7 आले.

धाकटीने आकडा ऐकला आणि विचारले, "माझं कधी तपासायचं?"

या आठवड्यात तिला घेऊन जाणार आहे. तुमच्या घरातली मुले काय विचारतात, तेही जरूर कळवा.