खरी परिचारिका व कादंबरींतील नायिका

अमेरिकन ग्रंथकार अर्नेस्ट हेमिंग्वे याची 'ए फेअरवेल टू आर्म्स' ही कादंबरी १९२९ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील कॅथरिन बार्कले या ब्रिटिश परिचारिकेनें वाचकांच्या मनांत घर केलें, आणि ती एका खऱ्या स्त्रीवरून रेखाटिली आहे हें कळतांच त्या स्त्रीविषयीं जिज्ञासा वाढली. ती म्हणजे ॲग्नेस फॉन कुरोव्स्की. या जिज्ञासेनें तिचा गौरव झाला असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं.

ॲग्नेसचा जन्म १८९२ सालीं पेनसिल्व्हेनियांत झाला. कांहीं काळ ग्रंथालयांत नोकरी केल्यावर तिनें न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयांत परिचर्येचें रीतसर शिक्षण घेतलें, व १९१८ सालीं रेड क्रॉसतर्फे ती इटलींत मिलान येथें आली. त्याच वर्षीं ८ जुलैच्या रात्रीं पिआवे नदीकांठीं फोसाल्टा गांवाजवळ तोफगोळा फुटून हेमिंग्वे जबर जखमी झाला. तो सैनिक नव्हता; रेड क्रॉसचा स्वयंसेवक होता, आणि खंदकांतील शिपायांस चॉकोलेट व सिगारेटी वाटीत होता. वयाचीं एकोणीस वर्षें त्यानें मिलानच्या रुग्णालयांत खाटेवरच पुरीं केलीं.

ॲग्नेस त्याहून सात वर्षांनीं वडील. रात्रपाळी ती आपण होऊन मागून घेई. दोघांचा स्नेह जुळला, विवाहाच्या गोष्टीही झाल्या. परंतु तो मायदेशीं परतल्यावर १९१९ च्या मार्चमध्यें तिनें पत्र लिहून नकार कळविला. कादंबरींत मात्र नायिका अखेरपर्यंत नायकावर प्रेम करते व प्रसूतींत मरण पावते. कल्पनेचा हा अधिकार कादंबरीकारास आहेच. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं.

तक्रार आहे ती वाचकांविषयीं. कॅथरिन ही पूर्ण शिकलेली परिचारिकाही नव्हे. युद्धापुरती पुढें आलेली ती स्वयंसेविका, असें कादंबरीच सांगते. म्हणजे ॲग्नेसनें जें कष्टानें मिळविलें, नेमकें तेंच नायिकेंत उतरलें नाहीं. आणि तरीही आपण ॲग्नेसला नायिकेच्या नांवानें ओळखतों! तिला स्वतःला ही ओळख रुचत नसे.

आमच्या पालकांस येथें एक विचारावेंसें वाटतें. मुलीनें परिचारिका होण्याची इच्छा बोलून दाखवितांच कित्येक घरांत अजूनही कपाळाला आठी पडते. ती कां? परिचारिका म्हटली कीं उशाशीं बसलेली सुंदर युवती व तिचें प्रेमप्रकरण, एवढेंच चित्र कथा-नाटकांनीं आपणांपुढें ठेविलें आहे. पू धुणें, मलमपट्टी बदलणें, वेदनेनें विव्हळणाऱ्या परक्या मनुष्याजवळ पहाटेपर्यंत जागणें, यांना त्या चित्रांत जागा नाहीं. पेशाची योग्यायोग्यता अशा चित्रावरून ठरविणें कितपत न्याय्य आहे?

ॲग्नेसनें पुढें रुमानियांत व हैतींतही रेड क्रॉसची सेवा केली. १९८४ सालीं वयाच्या ९२ व्या वर्षीं ती वारली. तिचें दफन वॉशिंग्टन येथें, सैनिकांसाठीं राखलेल्या राष्ट्रीय दफनभूमींत झालें.