डिस्क इमेज घेतली, पण ती परत बसेल का?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ टाकण्यापूर्वी किंवा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्यापूर्वी डिस्क इमेज घेऊन ठेवा, असा सल्ला दिला जातो. इमेज म्हणजे फाइल्स, सॉफ्टवेअर आणि सेटिंग्जसह अख्ख्या डिस्कची प्रतिकृती. 'विंडोज बॅकअप' हे ॲप तशी इमेज घेत नाही. ते ठरावीक फोल्डर वनड्राइव्हवर चढवतं, आणि तिथे मोफत जागा ५ जीबीच.

मग कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं? केवळ 'मोफत' या शब्दावर जाऊ नये. विंडोजमधल्या सिस्टिम इमेजच्या सोयीवर मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच फुली मारली आणि इतर कंपन्यांचं सॉफ्टवेअर वापरायला सांगितलं. त्यातलं लोकप्रिय मॅक्रियम रिफ्लेक्ट. त्याच्या मोफत आवृत्तीचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२४ पासून थांबले. क्लोनझिला मुक्त स्रोत आहे, भरवशाचंही आहे. पण त्याचा स्क्रीन पाहून नवखा माणूस बिचकतो. रेस्क्यूझिला त्याच पद्धतीच्या इमेज माउसने हाताळू देतं. घरच्या वापरासाठी तेच बरं.

खरी परीक्षा मात्र इमेज परत बसवताना होते. कॉम्प्युटर सुरूच झाला नाही, तर त्याच्यावरचं सॉफ्टवेअर काय कामाचं? म्हणून रेस्क्यू पेनड्राइव्ह आधीच तयार करावा, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करून बाहेरची डिस्क दिसते का ते पाहावं. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून वेगळी ठेवावी.