एक शतांश सेकंद

पोहणें ही शिकण्याची विद्या आहे, असें आमच्या कोल्हापुरांत पूर्वी कोणी मानीत नसे. पाठीला सुका भोपळा बांधून मुलाला विहिरींत ढकलावें. चार घोट पाणी नाकातोंडांत गेलें म्हणजे हातपाय आपोआप हलूं लागतात, एवढीच काय ती शिक्षणपद्धति! पुढें तो पंचगंगेच्या घाटावरून सूर मारूं लागला, कीं वडीलधारीं माणसें त्याला अभ्यासाची आठवण करून देत. गांवांत मान असे तो तालमींतल्या मल्लांना.

१९९१ सालीं जन्मलेला वीरधवल खाडे याच गांवचा. बंगळूर येथें निहार अमीन यांच्या हाताखालीं त्यानें तपश्चर्या केली. २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें तीन शर्यतींत तो उतरला, तेव्हां त्याला सतरावें वर्षही पुरें झालें नव्हतें. दोन वर्षांनीं ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेंत ५० मीटर बटरफ्लाय शर्यतींत त्यानें कांस्यपदक मिळविलें. १९८६ सालीं सेऊल येथें खजानसिंग यांनीं रौप्यपदक जिंकलें, त्यानंतर या स्पर्धेंत जलतरणाचें पदक भारताला मिळालें तें हेंच.

पुढें राज्य शासनानें त्यांना तहसीलदार नेमलें. (आतां एकवचनी उल्लेख बरा नव्हे, कचेरींतले साहेब ते!) आपल्या घरांतून पेढे वाटावेत अशीच ही वार्ता. परंतु सातबारे आणि पंचनामे यांतून रोजच्या सरावाला वेळ कोठून काढावा? कांहीं वर्षें पाणी सुटलें, आणि तीं वर्षें देहाच्या ऐन उमेदीचीं होतीं. पराक्रमाबद्दल दिलेल्या पारितोषिकानेंच पराक्रमाचा घास घ्यावा, हें आम्हांस विलक्षण वाटतें.

चीनची रीत याच्या अगदीं उलट. उंचावरून सूर मारण्याच्या क्रीडेंत नांव गाजविणारी फू मिंगशिआ ही मुलगी नवव्या वर्षीं आईबापांपासून दूर बीजिंगला सरावासाठीं गेली. बाराव्या वर्षीं ती जगज्जेती झाली, आणि १९९२ सालीं बार्सिलोना येथें तेराव्या वर्षीं तिनें ऑलिंपिकचें सुवर्णपदक जिंकलें. ही रीत आपल्या घरांतल्या आईला सोसावयाची नाहीं, आणि सोसूंही नये. पण उमेदीचीं वर्षें दप्तरांत घालविणें हा त्यावरचा उतारा आहे, असेंही कोणीं समजूं नये.

खाडे पुन्हां पाण्यांत उतरले. २०१८ सालीं जकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत, सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ५० मीटर मुक्तशैलीच्या प्राथमिक फेरींत त्यांनीं २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरींत वेळ लागला २२.४७, तिसऱ्या आलेल्या जपानी जलतरणपटूला २२.४६. कांस्यपदक एक शतांश सेकंदानें हुकलें.

अमरकोशांत कालाचें माप निमेषापासून धरलें आहे. अठरा निमेषांची एक काष्ठा. पापणी लवण्याहून सूक्ष्म काल मोजण्याची गरज अमरसिंहाला भासली नाहीं. आम्हीं कागदावर हिशेब मांडून पाहिला. त्या वेगानें एका शतांश सेकंदांत शरीर सुमारें सव्वादोन सेंटिमीटर पुढें जातें, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढें. कचेरींतल्या वर्षांपैकीं एखादें जरी पाण्यांत गेलें असतें (येथें शब्दशः अर्थ घ्यावा!), तर तेवढें अंतर भरून निघालें असतें काय?

२०२३ सालीं गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेंत याच शर्यतीचें सुवर्णपदक जिंकून खाडे यांनीं निवृत्ति जाहीर केली. स्त्रियांच्या ५० मीटर मुक्तशैलींतलें सुवर्णपदक तेथेंच त्यांच्या पत्नी ऋजुता यांनीं मिळविलें.