डाव्या पायाची दुप्पट

सायकल चालवायला काय लागतं? दोन पाय, असं आपलं माझं भाबडं मत होतं. पॉवर मीटर घ्यायला गेलो तेव्हा कळलं, एकच पुरतो! स्वस्तातलं मीटर डाव्या क्रँकवर बसतं. क्रँक किंचित वाकतो त्यावरून जोर काढायचा, फिरण्याच्या वेगाने गुणायचं आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करायची. झाले तुमचे वॉट! उजवा पाय डाव्यासारखाच वागणार हे गृहीत. (आम्हा दोघा भावांबद्दलसुद्धा घरात असं कुणी गृहीत धरलं नव्हतं.)

भाचा म्हणतो, "मामा, काटा चुकेना का, रोज सारखाच चुकतो ना?" वाण्यापुढे हा युक्तिवाद करून बघ म्हणावं! आणि तो सारखा चुकतच नाही. माझा उजवा गुडघा जुना दुखणेकरी. सिंहगडाच्या पायथ्याशी इमानाने राबतो, वर जाताजाता अंग काढून घेतो. भार डाव्यावर आणि मीटर करतं डाव्याचीच दुप्पट! म्हणजे मी थकणार तितका आकड्यात बलवान. तो फुगीर आकडा धरून महिनाभराचा सराव बेतला आणि शेवटी डावाही गुडघा शेकत बसलो.

दोन्ही पाय मोजणारी पेडलं घ्या, नाहीतर दातेरी चकतीच्या मध्याशी बसणारं मीटर. महाग पडतं, कबूल. परवडत नसेल तर घड्याळ आणि धाप यांवर भागवा.

माझं जुनं मीटर आता भाचाच मागतोय. म्हटलं, निम्मी किंमत दे. दुप्पट मी करून घेईन.